घोंगडी ड्रममध्ये आहे

माझ्या आजोबांच्या दहाव्याला अडीच तास कावळा शिवला नाही, कारण त्यांचा नातू रॉक बँडमध्ये ड्रम वाजवत होता.

(या दोन गोष्टींचा संबंध काय, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटायचं. संबंध लक्षात आला तो नदीकाठी, नुकत्याच गुळगुळीत केलेल्या डोक्यावर ऊन घेत, सगळ्या गावासमोर.)

सत्याण्णव सालची गोष्ट. आमचं घर सायखेड्याला, नदीच्या दोन शेतं अलीकडे. मी नाशिकला कॉलेजात होतो, म्हणजे सकाळच्या एसटीने जायचो आणि संध्याकाळच्या एसटीने परत यायचो. मधल्या वेळात काय करायचो ते मार्कशीटवर स्वच्छ दिसायचं. त्या मधल्या वेळातच आम्ही चौघांनी रॉक बँड काढला होता. संदीप गिटार वाजवायचा आणि गायचा. तो सातपूरचा, वडील तिथल्याच एका कारखान्यात शिफ्टला. उरलेल्या दोघांपैकी एकाकडे बेस गिटार होती, एकाकडे कीबोर्ड. माझ्याकडे काहीच नव्हतं आणि मला काही वाजवताही येत नव्हतं, म्हणून मला ड्रमर केलं.

ड्रमसेट आम्हाला एका लग्नाच्या बँडवाल्याने धंदा बंद करताना दिला. पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचं पेडल तुटलेलं होतं, ते संदीपने सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून आणलं. तेव्हापासून ते पेडल आधी 'कुईं' करायचं आणि मग ड्रम 'धप्प' करायचा. सातपूरला सराव करणं शक्य नव्हतं, कारण संदीपच्या चाळीत निम्मी माणसं रात्रपाळी करून दिवसा झोपलेली असायची आणि त्यांच्या चपला फार जड होत्या. शेवटी ड्रमसेट टेम्पोत घालून आमच्या शेतातल्या कांदाचाळीत आणला. बांबूच्या पट्ट्यांच्या भिंतींची ती लांबलचक खोली. उन्हाळ्यात कांद्याने गच्च भरायची, दिवाळीनंतर मोकळी व्हायची. मोकळी झाली की पट्ट्यांमधून वारा आरपार जायचा, आणि कुणी नसलं तरी आत कुणीतरी उसासे टाकतंय असं वाटायचं.

उत्तम ड्रमर कशाने होतो, याबद्दल माझी मतं तेव्हा अगदी पक्की होती. एक, खांद्यापर्यंत केस. दोन, बाह्या कापलेला टी-शर्ट. तीन, आवाज. वाजवण्यापेक्षा केस झटकण्याचा सराव मी जास्त करायचो, तोही आईच्या आरशासमोर, आणि मान लचकली की झंडू बाम चोळून पुन्हा करायचो.

आबांची मतं वेगळी होती. आबा म्हणजे माझे आजोबा. ऐंशी कधीच ओलांडलेली, अंगावर बारा महिने काळी घोंगडी, आणि हाताशी गोडेतेलाचा झाकण कापलेला पत्र्याचा डबा. चाळीस वर्षं त्यांनी त्या डब्यावर काठी मारून शेतातली पाखरं हाकलली होती. बाजरी जाऊन द्राक्षं आली, तरी आबा निंबाखाली बसून डबा वाजवायचेच. ठण् ठण्. मग बराच वेळ काही नाही. इतका वेळ, की आबा झोपले असं वाटावं. आणि मग अचानक, ठण्. तो आवाज आमच्या इतका अंगवळणी पडला होता की तो ऐकू यायचाच बंद झाला होता.

एका रविवारी आबा आमच्या सरावाला आले. पोत्यावर बसून त्यांनी आख्खं गाणं ऐकलं आणि मला म्हणाले, "लय वाजवतो रे तू."

मला ती स्तुती वाटली.

"सारखं वाजवलं का पाखरं सरावत्यात," आबा म्हणाले. "मंग डब्यावरच येऊन बसत्यात. दोनदा हाणायचं न् थांबायचं. पाखरू वाजण्याला नाय भेत. आता कधी वाजंल, त्याला भेतं."

संदीपने हे वाक्य वहीत लिहून घेतलं. मी हसलो. जगातल्या थोर ड्रमरांची पोस्टरं भिंतीवर लावणारा मी, मला पाखरं हाकलणारा म्हातारा ताल शिकवणार होता!

मात्र आमच्या मोठ्या ड्रमचं काहीतरी बिनसलं होतं. तो पाण्याची रिकामी टाकी बडवल्यासारखा घुमायचा. संदीप म्हणाला, आत काहीतरी जाड कोंबायला हवं, सगळे ड्रमर कांबळं कोंबतात. कॉलेजांच्या स्पर्धेला महिनाच उरला होता. दुपारी आबा शेतात होते, उन्हामुळे घोंगडी खाटेवर ठेवून गेले होते. ड्रमच्या पुढच्या कातड्याला ताटलीएवढं भोक होतं, त्यातून मी ती आत सारली. आवाज असा सुधारला की विचारू नका. 'धप्प' थेट छातीत उतरायचा. रविवारी परत ठेवू असं ठरवलं होतं. रविवारी सराव फारच छान झाला, म्हणून पुढच्या रविवारी ठेवू असं ठरवलं.

त्या आठवड्यात थंडी वाढली आणि आबा तापाने आडवे झाले. घोंगडी ते आधीपासूनच शोधत होते, आता त्यांनी एकच धोशा लावला. माझी घोंगडी कुठंय? आत्या, म्हणजे अण्णांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण, आबांना बघायला येऊन राहिली होती. तिने पेट्या उपसल्या, माळे उपसले, शेजारच्यांवर संशय घेऊन झाला. मी म्हणालो, धुवायला टाकली असेल. (ती घोंगडी विणली गेल्यापासून तिला पाणी लागलं नव्हतं. आत्याने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी पाणी प्यायला निघून गेलो.) मी आबांना माझी रजई घातली, वर स्वेटर घातला. ते डोळे न उघडता रजई चाचपायचे आणि म्हणायचे, "ही नाय रे पोरा." रोज मी ठरवायचो, उद्या आणतो. शुक्रवारी पहाटे आबा गेले.

यात हसण्यासारखं काही नाही, मला कळतं. पंचवीस वर्षांहून जास्त झाली, अजून थंडीत पांघरूण ओढताना ते 'ही नाय रे पोरा' ऐकू येतं.

तिसऱ्या दिवशी दिवे लागायच्या सुमारास मी घोंगडी आणायला चाळीत गेलो. सुतकामुळे सराव बंद होता. नदीवरून धुकं येऊन पट्ट्यांच्या आत शिरलं होतं आणि त्या धुक्यात ड्रमसेट, मागे रिकामं स्टूल. मी दोन पावलं टाकली.

कुईं. धप्प.

स्टुलावर कुणी नव्हतं. मी वारा समजून तिसरं पाऊल टाकलं. पुन्हा कुईं, धप्प. मग काहीच नाही. मी श्वास धरून उभा. बराच वेळ गेला. आता होत नाही असं वाटलं आणि बरोब्बर तेव्हाच, धप्प.

दोनदा हाणायचं आणि थांबायचं. मी एक चप्पल तिथेच सोडून घरी पोचलो. दुसऱ्या दिवशी भर दुपारी गेलो, लख्ख उन्हात, तरी तेच. त्यानंतर रोज तेच. आबा घोंगडीसाठी आले होते, आणि आलेच आहेत तर जरा वाजवत होते. खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा चांगलं वाजवत होते.

आत्याने अंगणातून विचारलं, चाळीत कोण वाजवतंय. मी म्हणालो, वारा.

"वाऱ्याला ताल असतो व्हय?" आत्या म्हणाली, आणि तीही चाळीकडे गेली नाही.

दहावा नदीवर होता. सकाळी आधी माझे केस गेले. तीन वर्षं वाढवलेले, खांद्यापर्यंतचे केस तीन मिनिटांत उतरले. स्पर्धा दहा दिवसांवर होती आणि माझं अर्धं वादन न्हाव्याच्या टॉवेलात गुंडाळलं गेलं होतं. संदीप मोटारसायकलवरून आला होता. त्याने माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि दुसरीकडे बघू लागला. चांगला मित्र होता.

पिंड मांडले गेले. शेजारी आबांची काठी, चष्मा, तंबाखूची चंची आणि पिठलं-भाकरी. डबाही आणला होता, तो आत्या छातीशी धरून बसली होती. पलीकडच्या भिंतीवर पंधरा-वीस कावळे होते. एक उतरला, उड्या मारत जवळ आला.

ठण् ठण्.

कावळा उडाला. भिंतीवरचे सगळे उडाले. गुरुजी मंत्र म्हणता म्हणता थांबले. सगळ्या गावाने तो आवाज ओळखला आणि कुणी कुणाकडे पाहिलं नाही. आत्याचा चेहरा पांढरा पडला. हातातला डबा तापल्यासारखा तिने माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "धर रे." मी ओल्या पंच्यात कुडकुडत होतो. कुणीतरी मला टॉवेल दिला होता, तो मांडीवर ओढून घेतला आणि डबा त्याखाली गेला.

कावळे परत येऊन बसले. पण खाली येईनात. म्हणजे आबांचं काहीतरी मागे राहिलंय, हे आता उघड होतं. अशा वेळी घरच्यांनी पुढे होऊन शब्द द्यायचा असतो. अण्णा हात जोडून म्हणाले की, आबा, बांधाचा वाद मी सोडून देतो. (बांधापलीकडचा शेतकरी गर्दीतच होता, त्याने खिशातून रुमाल काढून डोळे पुसले.) कावळा उतरला. ठण् ठण्. उडाला. आई म्हणाली, तुमची म्हैस विकणार नाही. कावळा उतरला. ठण्. गेला. प्रत्येक ठोक्याला मी आणखी घाबरत होतो, कारण बाकीच्यांना नुसते आबा दिसत होते, मला आबांना काय हवंय तेही ठाऊक होतं. शेवटी सरपंच पुढे झाले आणि घाटापर्यंतचा रस्ता करून देतो म्हणाले. कावळ्यांनी मानसुद्धा वळवली नाही. (तो रस्ता पुढे कितीतरी वर्षं झाला नाही. कावळ्यांना माणसांची पारख असते.)

दोन तास झाले. आत्या एकदम म्हणाली, "घोंगडीत जीव हाय त्यांचा." लगेच कुणालातरी बाजारात पिटाळलं. नवी घोंगडी आली, किमतीची चिठ्ठी लोंबत असलेली. ती पिंडाजवळ अंथरली. पंखाचं एक पीस वाकडं असलेला मोठा कावळा खाली आला. घोंगडीवर बसला. चिठ्ठीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. तो माझ्याकडेच बघत होता, हे मी आजही शपथेवर सांगेन. मग एक पाय पिंडाच्या दिशेने उचलला.

ठण् ठण्.

गुरुजींनी निःश्वास सोडला आणि दर्भाचा कावळा करायला घेतला. दर्भाचा कावळा म्हणजे हार. गावात जन्मभर बोललं जातं की अमक्याच्या बापाला कावळा शिवला नाही. अण्णा वाळूकडे बघत उभे होते. माझ्या बापाला मी कधीही इतकं लहान झालेलं पाहिलं नव्हतं, आणि तेच मला सोसवेना. मी ताडकन उठलो. डबा वाळूवर गडगडला. मी दोन्ही हात जोडले आणि म्हणालो, "आबा, घोंगडी ड्रममध्ये आहे. मीच घातली. तुम्ही मागत होतात तेव्हाही तिथंच होती. चुकलो मी."

माझं वाक्य संपायच्या आत तो वाकड्या पिसाचा कावळा आला आणि पिंडाला शिवला. नुसता शिवला नाही, निम्मा पिंड खाल्ला, वर पिठल्यात चोच बुडवली. गर्दीतून हुश्श झालं. अण्णांनी वर पाहिलं आणि नदीत हात धुतले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "घरी चल."

घरी जाताना संदीपने मला मागे ओढलं.

"बाळ्या, डबा तू वाजवत होतास," तो हळूच म्हणाला. "टॉवेलखाली. बोटांनी."

मला आधी राग आला, मग आठवलं. ड्रमरच्या हातांना ही खोडच असते. जेवताना ताट वाजतं, एसटीत समोरची सीट वाजते, परीक्षेत बाक वाजतो आणि पर्यवेक्षक येतो. भीती वाटली की तर बोटं माझ्या ताब्यातच राहत नाहीत. मी घाबरून वाजवत होतो आणि वाजलेलं ऐकून आणखी घाबरत होतो! सायखेड्याच्या कावळ्यांच्या कित्येक पिढ्या त्याच डब्याला भिऊन मोठ्या झालेल्या. ते कसले खाली येतात? मी हात जोडले, बोटं थांबली, कावळा आला. इतका साधा हिशेब. मला एवढं हलकं वाटलं की आबांच्या दहाव्याला मी रस्त्यात उभा राहून हसलो.

"म्हणजे आबा नव्हतेच," मी म्हणालो.

संदीपने एकदा मागे घाटाकडे वळून पाहिलं. "बाकी सगळे ठोके तुझेच होते," तो म्हणाला. "पहिले दोन सोडून. ते वाजले तेव्हा डबा आत्याकडे होता."

माझं हसणं तिथेच थांबलं. पुढचा रस्ता आम्ही जरा भरभर चाललो.

चाळीपाशी सगळे जमले होते. अण्णा, आई, आत्या, ओले कपडे, बोडकी डोकी, आणि रॉक बँड म्हणजे काय हे बघायला थांबलेले गुरुजी. आतून आवाज आला. कुईं, धप्प. सगळे एक पाऊल मागे सरले. अण्णांनी मला पुढे ढकललं, आणि ते न्याय्यच होतं.

मी गुडघ्यांवर बसून ड्रमच्या भोकात हात घातला. आत घोंगडी होती. ऊबदार होती. आणि ती श्वास घेत होती.

संदीपला आमच्या तिसऱ्या गाण्यात एक वरचा सूर वर्षभर लागत नव्हता, तो मला तेव्हा लागला. त्याच क्षणी माझ्या मनगटावर पाच ओरखडे उठले, आणि भोकातून एक करडी मांजर डोकं काढून आमच्याकडे रागाने बघू लागली. सुतकात चाळ शांत झाल्यावर ती आत शिरली होती आणि आबांच्या घोंगडीवर चार पिल्लांना जन्म देऊन बसली होती. कूस बदलताना तिची लाथ कातड्याला बसायची, पेडल कुरकुरायचं, धप्प व्हायचं. (दोनदा हाणून थांबायचं तिला कुणी शिकवलं, ते मी तेव्हा विचारलं नाही. आजही विचारणार नाही.)

आई म्हणाली, काढा तिला बाहेर. आत्याने तिचा हात धरला. मेलेल्या माणसाचं अंथरूण कुणाला तरी द्यायचंच असतं, ते आबांनी आपल्या हाताने दिलंय, आता बाळंतिणीला उठवायचं नाही, असा तिने निकाल दिला. मी अण्णांकडून निदान एका थपडेची वाट बघत होतो. ते पोत्यावर बसले, आबा बसायचे त्याच. खूप वेळ ड्रमकडे बघत राहिले.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "कुणाच्या तरी अंगाला लागतीय ना. बास झालं."

ती थप्पड मला अजून लागलेली आहे.

स्पर्धेला मी केसांशिवाय आणि मोठ्या ड्रमशिवाय गेलो. ड्रम मांजरीकडे होता. संदीप म्हणाला, आबांचा डबा घे. आम्ही तो स्टँडला सुतळीने बांधला. नाशिकचा तो हॉल दुपारी तुडुंब भरला होता. गाणं सुरू झालं आणि आयुष्यात पहिल्यांदा मी कमी वाजवलं. दोनदा हाणायचं आणि थांबायचं. थांबलेल्या जागेत संदीपचा आवाज स्वच्छ उभा राहायचा. सगळा हॉल पुढच्या ठोक्याची वाट बघतोय हे मला मानेवर जाणवायचं, आणि मग, ठण्. संदीपने मागे वळून मान हलवली. मी इतकं चांगलं त्याआधी कधी वाजवलं नव्हतं, आणि त्यानंतरही नाही.

पण डब्याला चाळीस वर्षांचा अनुभव होता. पहिल्या गाण्यात मागच्या दोन रांगा उठल्या. दुसऱ्या गाण्यात मधल्या उठल्या, एकदम, थव्याने. तिसऱ्यात परीक्षक चहाला म्हणून गेले ते आलेच नाहीत. गाणं संपलं तेव्हा समोर नुसत्या खुर्च्या होत्या. वरच्या झरोक्यात मात्र एक मोठा कावळा मान तिरकी करून बसला होता, पंखाचं एक पीस वाकडं. पहिल्या ठोक्यापासून शेवटच्यापर्यंत तो तिथून हलला नव्हता.

संदीप गिटार पिशवीत घालत म्हणाला, "चला, एक तरी श्रोता शेवटपर्यंत टिकला."

"श्रोता कुठला," मी म्हणालो. "घरचाच आहे तो."